पगारातून हप्ता कापला जातोय म्हणजे विमा आहेच ना?

आलेलं पत्र, थोडक्यात (ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय): न्यू जर्सीत राहणारी एक वाचक, एच-वन-बी या कामाच्या व्हिसावर आहे, कंपनीचं मुख्य ऑफिस टेक्ससला. गेल्या वर्षी नोकरीला लागली तेव्हा पहिल्याच आठवड्यात कंपनीच्या पोर्टलवर सगळं एनरोलमेंट ऑनलाइन केलं, हेल्थ, डेंटल आणि त्यावर जास्तीचा लाइफ इन्शुरन्स, स्वतःचा चार लाख डॉलरचा आणि नवऱ्याचा एक लाखाचा. तेव्हापासून प्रत्येक पगारातून दोन्हीचे हप्ते कापले जातायत. मध्यंतरी नवऱ्याची अँजिओप्लास्टी झाली, आता तो बरा आहे, पण त्या निमित्ताने पोर्टल उघडलं तर दोन्ही विम्यांपुढे 'पेंडिंग' लिहिलेलं. एचआर म्हणतं, तब्येतीचा फॉर्म भरलाच नाही म्हणून कव्हर सुरूच झालं नव्हतं, कापलेले पैसे परत देतो, या कागदावर सही करा. फॉर्मबद्दल मेल पाठवला होता असं ते म्हणतात, तिला तो सापडत नाही. आता फॉर्म भरला तर नवऱ्याला नकार येणार ही भीती. आणि नवरा म्हणतो चूक आपलीच आहे, पैसे घे आणि विषय संपव, ग्रीन कार्डचं काम याच कंपनीतून चालू आहे, सरकारकडे तक्रार केलीस तर तेच अडकून बसेल. ती विचारते, "ताई, मी सही करून मोकळी होऊ का?"

अगं, सगळ्यात आधी, तो आता बरा आहे हे वाचून जिवात जीव आला. आणि तुझ्या प्रश्नाचं उत्तर आधीच देऊन टाकते म्हणजे पुढचं शांतपणे वाचशील: सही करू नकोस. कधीच करू नकोस असं नाही म्हणत, पण अजून नको. त्या कागदात "कव्हर कधीच नव्हतं हे मला मान्य आहे" अशा अर्थाची एखादी ओळ असायची दाट शक्यता आहे, आणि एकदा ती ओळ तुझ्या सहीखाली गेली की पुढे जे काही मागायचं ते मागणं फार अवघड होऊन बसतं. पैसे त्यांनी परस्पर पगारात जमा केलेच तर घाबरू नकोस, फक्त त्याच दिवशी एक साधा मेल टाक की हे पैसे आलेले दिसतायत पण वाद मिटला म्हणून मी ते घेतलेले नाहीत, आणि ते वेगळे ठेव, खर्च करू नकोस.

आता "चूक आपलीच" या वाक्याकडे येते, कारण तुझ्या पत्रात ते तीनदा आलंय आणि मला वाटतं सगळा गुंता तिथेच आहे. आपल्या लोकांना सवय असते, कागदपत्रात काही राहिलं की आपणच धांदरट म्हणून मोकळं व्हायचं. मी बेनिफिट्सच्या, म्हणजे नोकरीसोबत मिळणाऱ्या विमा वगैरे सोयींच्या, कामात बरीच वर्षं काढलीत, त्यामुळे पडद्यामागे काय चालतं ते सांगते. तू पोर्टलवर रक्कम निवडलीस, सबमिट केलंस, की तिथून एक फाइल पेरोलकडे जाते आणि कपात सुरू होते. तब्येतीचा फॉर्म, ज्याला इथे सगळे ईओआय म्हणतात, म्हणजे विमा देण्यालायक तब्येत असल्याचा पुरावा, त्याची लिंक बहुतेक वेळा वेगळीच असते आणि ती विमा कंपनीच्या साइटवर जाते. या दोन गोष्टी एकमेकींशी जोडलेल्या असतीलच असं नाही. वर ग्रुप लाइफमध्ये पुष्कळ ठिकाणी मालकच हिशोब ठेवतो, विमा कंपनीला महिन्याला फक्त इतकी माणसं, एकूण इतकं कव्हर, हा घ्या चेक एवढंच कळतं, कुणाचं नाव आहे आणि कुणाचा फॉर्म आलाय हे ती क्लेम आल्यावर पहिल्यांदा बघते. म्हणजे जिवंत माणसाच्या बाबतीत ही चूक कुणाच्या लक्षातच येत नाही, माणूस गेल्यावर येते. तुला ती वेळेत कळली, आणि तुम्ही दोघंही धडधाकट बसून याचा निकाल लावू शकता, ही यातली खरोखर चांगली बाजू आहे.

मग मला सांग, मंजुरी आली की नाही हे न बघता महिनोन् महिने कपात कुणी केली? तू नाही केलीस. हा प्रश्न मी एकटीच विचारतेय असंही नाही. अमेरिकेच्या कामगार खात्याने हेच प्रकरण उचललं होतं, वर्षानुवर्षं हप्ते घ्यायचे आणि माणूस गेला की ईओआय नव्हता म्हणून क्लेम नाकारायचा, आणि २०२३ मध्ये प्रुडेन्शियल आणि युनायटेड ऑफ ओमाहा या दोन मोठ्या विमा कंपन्यांशी समझोते करून त्यांना ही पद्धत बदलायला लावली. त्याच्या आधी कोर्टातही हे आलंय. २०१४ मध्ये आठव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या एका गटाच्या, फेडरल अपील कोर्टापुढे सिल्वा विरुद्ध मेटलाइफ हा खटला होता, मुलाच्या पगारातून जास्तीच्या लाइफचे हप्ते कापले गेलेले, तो गेल्यावर ईओआय नाही म्हणून वडिलांना नकार. त्याच्या दोन वर्षं आधी चौथ्या सर्किटमध्ये मॅक्रेव्ही विरुद्ध मेटलाइफ, तिथे आई मुलीसाठी हप्ते भरत राहिली, मुलगी गेल्यावर कळलं की वयामुळे ती पात्रच नव्हती, आणि कंपनी म्हणाली घ्या तुमचे हप्ते परत. दोन्ही ठिकाणी वरच्या कोर्टाने सांगितलं की हप्ते परत केले म्हणजे विषय संपला असं नाही, या लोकांना त्याहून जास्त मागायचा रस्ता बंद झालेला नाही. याचा अर्थ तू नक्की जिंकशील असा घेऊ नकोस, रस्ता मोकळा असणं आणि तो चालून जाणं यात फार अंतर आहे. पण "पैसे परत घ्या" हे शेवटचं उत्तर नाही, एवढं तरी यातून नक्की कळतं.

दुसरी गोष्ट, तू धरून चाललीयेस की सगळंच्या सगळं कव्हर गेलं. हे तपासल्याशिवाय मानू नकोस. बऱ्याच ग्रुप पॉलिसींमध्ये नवीन माणूस लागल्यावर ठराविक दिवसांत, साधारण महिनाभरात, एनरोल झाला तर एका मर्यादेपर्यंतचं कव्हर तब्येतीचा एकही प्रश्न न विचारता मिळतं, त्याला गॅरंटीड इश्यू म्हणतात, आणि ईओआय लागतो तो फक्त त्याच्या वरच्या रकमेला. तू पहिल्याच आठवड्यात एनरोल केलंयस. समजा तुमच्या पॉलिसीत नवऱ्याला अशी पंचवीस किंवा पन्नास हजारांची मर्यादा असेल, तर तेवढं कव्हर पहिल्यापासून चालू असायला हवं, मग पोर्टल पूर्ण एक लाखापुढे 'पेंडिंग' का दाखवतंय? तुझ्या स्वतःच्या चार लाखांचंही तसंच. हा आकडा एचआरच्या तोंडून ऐकू नकोस, सर्टिफिकेटमध्ये, म्हणजे तुझ्या कव्हरच्या अटी लिहिलेल्या कागदात, वाच. ग्रुप पॉलिसी मालकाच्या नावाने असते, पण प्रत्येक सभासदाला सर्टिफिकेट मिळायला हवं असं राज्यांचे विमा कायदे सांगतात. ते माग, आणि सोबत समरी प्लॅन डिस्क्रिप्शन, म्हणजे प्लॅनचे नियम सोप्या भाषेत सांगणारी पुस्तिका, पण माग. ते देणं फेडरल कायद्याने बंधनकारक आहे, लेखी मागितल्यावर तीस दिवसांत दिलं नाही तर कोर्ट दिवसाला ११० डॉलरपर्यंत दंड लावू शकतं. तू हे दंडाचं बोलून दाखवू नकोस, गरजच पडत नाही, बेनिफिट्समध्ये बसलेल्या माणसाला ते माहीत असतं.

आता तुझ्या नवऱ्याचं "सरकारकडे तक्रार". भारतात विम्याचं नियमन करणारी देशभर एकच संस्था, आयआरडीएआय, त्यामुळे आपल्याला वाटतं इथेही एक कुठलंतरी सरकार असेल आणि तेच व्हिसाही बघत असेल. इथे तसं अजिबात नाही. १९४५ च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्यापासून विम्याचं नियमन राज्यांकडे आहे, प्रत्येक राज्याचं स्वतःचं विमा खातं, स्वतःचे नियम. न्यू जर्सीत बँकिंग आणि इन्शुरन्सचं एकच खातं आहे, टेक्ससमध्ये टेक्सस डिपार्टमेंट ऑफ इन्शुरन्स. मग १९७४ मध्ये एरिसा आला, नोकरीतून मिळणाऱ्या बेनिफिट्सचा फेडरल कायदा, त्याने मालकांना पन्नास राज्यांच्या कचाट्यातून बाहेर काढलं पण एक मोठा अपवाद ठेवला, तो असा की विमा कंपनीवरचं राज्याचं नियंत्रण तसंच राहील. म्हणून कुठलाही बेनिफिट असो, पहिला प्रश्न एकच, जोखीम कुणाच्या खिशात आहे? मालकाने विमा कंपनीकडून पॉलिसी विकत घेतली असेल तर राज्य त्या कंपनीला जाब विचारू शकतं. मालक स्वतःच्याच पैशातून क्लेम देत असेल आणि विमा कंपनी नुसतं कागदपत्रांचं काम करत असेल, ज्याला सेल्फ-फंडेड म्हणतात, तर राज्याचं विमा खातं हात वर करतं आणि तुला कामगार खात्याकडे जावं लागतं. मोठ्या कंपन्यांचे हेल्थ प्लॅन पुष्कळदा असे सेल्फ-फंडेड असतात, देशभर बघितलं तर मालकाकडून हेल्थ कव्हर मिळणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून जास्त लोक अशा प्लॅनमध्ये आहेत, आणि कार्डवर मोठ्या विमा कंपनीचा लोगो असल्यामुळे त्यांना ते माहीतही नसतं. लाइफचं मात्र उलट, ते जवळजवळ नेहमीच खरंखुरं विकत घेतलेलं असतं. म्हणजे तुझ्या प्रकरणात राज्याला बोलायला जागा आहे.

कुठलं राज्य हा पुढचा प्रश्न. पॉलिसी जिथे काढली गेली त्या राज्याचे नियम सहसा लागतात, तुमच्या बाबतीत बहुतेक टेक्सस, सर्टिफिकेटच्या पहिल्या पानावर लिहिलेलं असतं. पण काही राज्यं आपल्या रहिवाशांसाठी बाहेरच्या पॉलिसीवरही काही नियम लावतात. तू डोकं लावत बसू नकोस, वेळ आलीच तर न्यू जर्सीच्या खात्याकडे दे, त्यांचं नसेल तर ते कुणाकडे जायचं ते सांगतात. तक्रारीला पैसे लागत नाहीत, वकील लागत नाही.

ऑनलाइन एनरोलमेंटवर राज्यं नक्की काय बघतात हे थोडं समजून घे, कारण तुझे प्रश्न त्यातूनच निघणार आहेत. कागदी फॉर्म असो की स्क्रीन, विम्यासाठी जे छापील किंवा दिसणारं लिखाण वापरतात त्यातलं बरंचसं राज्याकडे आधी दाखल करावं लागतं. एनरोलमेंटच्या शेवटी ती कंटाळवाणी यादी येते ना, अमुक राज्यात खोटी माहिती दिलीत तर गुन्हा, तमुक राज्यात दंड, ती उगाच नाही, त्या त्या राज्याने ते वाक्य तिथे असायलाच हवं म्हणून सांगितलेलं असतं. दुसरं म्हणजे सही. १९९९ चा इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचा एक नमुना कायदा आहे, युईटीए, न्यूयॉर्क सोडून बाकी सगळ्या राज्यांनी तो घेतलाय, न्यूयॉर्कचा स्वतःचा वेगळा आहे, आणि वर २००० चा फेडरल ई-साइन कायदा, ज्यात मुद्दाम लिहिलंय की हे विम्यालाही लागू आहे. क्लिक केलेली सही शाईच्या सहीइतकीच खरी, केवळ इलेक्ट्रॉनिक आहे म्हणून नाकारता येत नाही. लोक हे ऐकून घाबरतात की बापरे आपण क्लिक केलं म्हणजे अडकलो, पण हे दोन्ही बाजूंना लागू आहे गं. त्या दिवशी पोर्टलने तुला शेवटी जे कन्फर्मेशनचं पान दाखवलं, ज्यात रक्कम, हप्ता आणि कदाचित सुरू होण्याची तारीख आहे, तेही तितकंच खरं रेकॉर्ड आहे. त्यावर "मंजुरीनंतरच लागू" असं कुठे लिहिलं होतं का, तुझ्या डोळ्यांना दिसेल असं, की तीन क्लिक आत कुठेतरी दडलेलं? हे महत्त्वाचं आहे. युईटीएमध्येच अशी तरतूद आहे की माणूस मशीनशी व्यवहार करताना चुकला आणि त्या सिस्टिमने चूक सुधारायची संधीच दिली नाही तर, लगेच कळवलं आणि फायदा घेतला नसेल तर, तो त्या चुकीला बांधील राहत नाही. तुझं प्रकरण तंतोतंत त्यात बसत नाही, तू चुकीचं बटण दाबलेलं नाहीस, पण ज्यांनी भलताच प्लॅन निवडला किंवा भलत्याच माणसाचं नाव टाकलं त्यांनी हे लक्षात ठेवावं, आणि त्यातलं "लगेच कळवलं" हे शब्द तर नक्कीच.

अजून एक बारकावा. एचआरला लेखी विचार की त्यांचं म्हणणं कव्हर "सुरूच झालं नाही" असं आहे की "रद्द झालं" असं. ई-साइन कायद्याने हेल्थ किंवा लाइफचं कव्हर रद्द झाल्याच्या नोटिसा मुद्दाम आपल्यातून वगळल्यात, म्हणजे त्या नुसत्या मेलवर भागवायला त्या कायद्याचा आधार घेता येत नाही, राज्याचा नियम काय म्हणतो ते बघावं लागतं. त्यांचं उत्तर कुठलंही असो, ते कागदावर आलं पाहिजे.

आणि पोर्टल कुणाचं आहे ते विचार. पुष्कळदा ते मालकाचं नसतं, विमा कंपनीचंही नसतं, मधल्या ब्रोकरचं असतं ज्याला कमिशन मिळतं, आणि कमिशन घेऊन विमा विकायचा तर राज्याचं लायसन्स लागतं, मग ते काम माणूस करो की सॉफ्टवेअर. झेनिफिट्सचं उदाहरण आठवत असेल काहींना. ती कंपनी छोट्या मालकांना एचआरचं सॉफ्टवेअर फुकट द्यायची आणि विम्याच्या कमिशनवर चालायची. २०१४ मध्ये युटा राज्याच्या विमा खात्याने म्हटलं की फुकट सॉफ्टवेअर म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेलं बेकायदा आमिष आहे, पुढच्या वर्षी तिथल्या विधिमंडळाने कायदाच बदलून परवानगी दिली. पण मग उघड झालं की लायसन्स नसलेली माणसं विमा विकत होती, आणि कॅलिफोर्नियात लायसन्ससाठी जे बावन्न तासांचं ऑनलाइन शिक्षण तेव्हा पूर्ण करावं लागायचं ते चुकवायला कंपनीतच एक प्रोग्राम तयार केला होता. २०१६ मध्ये संस्थापक पार्कर कॉनरॅड यांना जावं लागलं आणि कॅलिफोर्नियाने सत्तर लाख डॉलरचा दंड ठोठावला, त्यातला अर्धा पुढे नीट वागण्याच्या अटीवर स्थगित ठेवला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण छान रंगीत स्क्रीन दिसली की आपण समजतो यामागे सगळं तपासलेलं असणार. तुमच्या पोर्टलमागे ब्रोकर असेल तर त्याचं लायसन्स राज्याच्या साइटवर पाच मिनिटांत बघता येतं, आणि त्याच्यावर राज्याचं लक्ष असतं हे त्यालाही ठाऊक असतं.

आता ग्रीन कार्ड. तुझ्या नवऱ्याची भीती मी उडवून लावणार नाही. राज्याच्या विमा खात्याचा इमिग्रेशनशी काडीचा संबंध नाही, विमा कंपनीविरुद्धची तक्रार तुझ्या एच-वन-बीच्या फाइलमध्ये कुठेही जात नाही, आणि बेनिफिट मागितला म्हणून मालकाने त्रास देणं एरिसाच्या ५१० कलमाखाली बेकायदा आहे. पण ग्रीन कार्डचं काम मालकाच्या मर्जीवर चालतं, तो ते कधीही थांबवू शकतो, आणि अमुक कारणाने थांबवलं हे सिद्ध करणं तुझ्यासारख्या माणसाला किती जड जाईल ते मला माहीत आहे. म्हणून तक्रार करायचीच नाही असं नाही, फक्त क्रम नीट लाव. पहिलं पाऊल तक्रारीचं नकोच, विचारणा करणारं पत्र दे. यात कुणाला दोष न देता लिहिता येतं, आणि खरं सांगते, कंपनीलाही हे गुपचूप मिटवायचंच असतं, कारण मंजुरीशिवाय कपात केली ही त्यांची बाजू कमजोर आहे आणि त्यांच्या वकिलाला ते वाचल्यावाचल्या कळेल. मी असंही बघितलंय की मालकाने विमा कंपनीवर जोर टाकला की विमा कंपनी ऐकते, दरवर्षी रिन्यू करणारं गिऱ्हाईक तिला नाराज करायचं नसतं. तुझ्या एकटीच्या फोनला ते वजन नाही.

पत्रात काय लिहायचं ते सांगते. अमुक तारखेला मी एनरोल केलं, हे कन्फर्मेशन, या पहिल्या पगारापासूनच्या कपाती, मला वाटलं कव्हर चालू आहे आणि म्हणून मी बाहेर दुसरा विमा घेतला नाही (हे खरं असेल तरच लिही, पण असेल तर नक्की लिही, फार वजन आहे त्याला). ईओआयची सूचना कधी, कुठल्या पत्त्यावर गेली त्याची प्रत द्या. गॅरंटीड इश्यूची रक्कम किती, आणि तेवढं कव्हर पहिल्या दिवसापासून चालू असल्याचं लेखी द्या. वरच्या रकमेसाठी विमा कंपनीने ईओआय आता घ्यावा पण तब्येत तपासावी ती एनरोलमेंटच्या तारखेची, त्यानंतरचं काही धरू नये. हे शेवटचं म्हणजे तुझी खरी मागणी आहे. ते मान्य करतीलच असं नाही, पण ही मागणी रास्त आहे आणि मालकाने आग्रह धरला तर होऊ शकते. पत्र प्लॅन चालवायची जबाबदारी ज्याच्यावर आहे त्या प्लॅन अ‍ॅडमिनिस्ट्रेटरच्या नावाने, प्रत एचआरला. नाही म्हणाले तर तो नकार लेखी माग, कारण अपिलाची मुदत त्या नकारापासून सुरू होते, लाइफमध्ये किमान साठ दिवस मिळतात, त्यात अपील करायचंच. मध्ये कुठेही अडलीस तर कामगार खात्याच्या, नोकरीतले बेनिफिट्स बघणाऱ्या ईबीएसए विभागाला फोन कर, १-८६६-४४४-३२७२, फुकट आहे, तिथले सल्लागार नुसतं ऐकत नाहीत, गरज पडली तर मालकाला फोन करून विचारतात आणि पुष्कळ प्रकरणं त्या एका फोनवर मिटतात. राज्याच्या विमा खात्याकडे तक्रार ही त्याच्या पुढची पायरी, आणि ती विमा कंपनीविरुद्ध कर, मालकाविरुद्ध नाही. वकील त्याच्याही नंतर, पण एखादा तासभराचा सल्ला एरिसाचं काम करणाऱ्याच वकिलाकडून आधीच घेतलास तर वाया जाणार नाही, इमिग्रेशनच्या वकिलाला हे विचारू नकोस.

बाकी दोन पर्यायही बघू. पैसे घेऊन गप्प बसलीस तर घरात आज शांतता मिळेल, आणि नवऱ्याचं कव्हर इतकं मोठंही नाही की त्यावाचून घर बुडेल, हा विचार चुकीचा नाही, तुम्ही दोघांनी बसून ठरवलंत तर मी नावं ठेवणार नाही. पण ते माहिती काढल्यानंतर ठरवा, सही आधी आणि चौकशी नंतर असं नको. आणि एकदम वकिलाची नोटीस पाठवायची हा दुसरा टोकाचा पर्याय, तो आत्ता अजिबात नको, त्याने सगळे आपापले दरवाजे लावून घेतील.

आणि हे सगळं वाचताना तू एक गोष्ट विसरलीयेस, ती मला सगळ्यात जास्त टोचतेय. 'पेंडिंग' दोन्ही विम्यांपुढे आहे. म्हणजे तुझंही. घरात पगार तुझा, व्हिसा तुझा, आणि तुझंच चार लाखांचं कव्हर अधांतरी आहे आणि पत्रभर तू फक्त त्याच्याबद्दल लिहिलंयस. तुझी तब्येत चांगली आहे ना? मग तुझा ईओआय आज रात्री भर. नवऱ्याच्या वादासाठी तो थांबवायचं काही कारण नाही, फक्त सोबत लिही की उशिरा भरल्यामुळे मूळ तारखेपासूनच्या कव्हरवरचा माझा हक्क मी सोडत नाही. प्रश्नांची उत्तरं अगदी खरी दे, बारीकसारीक औषधसुद्धा लिही, त्यातल्या चुकीवरून पहिली दोन वर्षं कव्हरला आव्हान देता येतं, आणि भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेव. सर्टिफिकेट मिळेपर्यंत बाहेरून एखादा छोटा टर्म प्लॅन बघून ठेवलास तरी चालेल.

हे वाचणाऱ्या बाकीच्यांसाठीही थोडं, कारण नोव्हेंबरात बहुतेकांचं ओपन एनरोलमेंट, म्हणजे विम्याची निवड करायची वर्षातली ठरलेली मुदत, येतं आणि रात्री अकराला मुलं झोपल्यावर घाईत क्लिक करणारे आपणच असतो. शेवटचं कन्फर्मेशनचं पान पीडीएफ करून स्वतःच्या घरच्या मेलवर पाठवा, ऑफिसच्या नाही, नोकरी गेली की ऑफिसचा मेल त्याच दिवशी बंद होतो. जानेवारीच्या पहिल्या पगाराची स्लिप त्याच्याशी लावून बघा, आणि पोर्टलवर अप्रूव्ह्ड दिसतंय का तेही, नुसती कपात बघून समाधान मानू नका. बाळ झालं किंवा लग्न झालं तर हेल्थमध्ये नाव घालायला तीस दिवस मिळतात, बाळाचं कव्हर जन्मापासून धरतात पण तीस दिवस उलटले की पुढच्या ओपन एनरोलमेंटपर्यंत वाट बघावी लागू शकते, आणि हॉस्पिटलने नोंद केली म्हणजे विम्यात नाव गेलं असं होत नाही. भारतातल्या ग्रुप मेडिक्लेममध्ये आई-वडील बसतात म्हणून इथेही डिपेंडंटमध्ये सासूबाईंचं नाव टाकू नका, इथल्या बहुतेक प्लॅनमध्ये ते चालत नाही आणि पोर्टल कधीकधी अडवतही नाही. ले-ऑफ झाला तर ग्रुप लाइफ स्वतःच्या नावावर करून घ्यायला साधारण एकतीस दिवस असतात, त्या महिन्यात सगळं लक्ष नोकरी गेल्यावर व्हिसाच्या नियमांत मिळणाऱ्या साठ दिवसांच्या मुदतीकडे असतं आणि हे राहून जातं.

आणि बेनिफिशियरी, म्हणजे आपल्यामागे विम्याचे पैसे ज्याला मिळायचे ते नाव. लग्नाआधी आईचं नाव टाकलं होतं आणि बदललंच नाही, किंवा घटस्फोट झाला आणि पहिल्या नवऱ्याचं नाव तसंच राहिलं, असं किती जणांचं असतं. २००१ मध्ये सुप्रीम कोर्टात एगलहॉफ खटला झाला, बोइंगमधला कर्मचारी, घटस्फोटानंतर थोड्याच दिवसांत अपघातात गेला, नाव घटस्फोट झालेल्या बायकोचं. वॉशिंग्टन राज्याचा कायदा म्हणत होता की घटस्फोट झाला की तिचा हक्क आपोआप संपतो, पण कोर्ट म्हणालं एरिसापुढे राज्याचा तो कायदा चालत नाही, फॉर्मवर जे नाव आहे त्यालाच पैसे. राज्य इथे तुम्हाला वाचवायला येऊ शकत नाही, ते नाव तुम्हालाच बदलावं लागतं. लहान मुलांची नावं थेट टाकली असतील तर कंपनी त्यांच्या हातात पैसे देत नाही, कोर्टाने पालक नेमेपर्यंत अडकतात, त्यासाठी कस्टोडियन (मुलांच्या वतीने पैसे सांभाळणारा माणूस) किंवा ट्रस्टची सोय करून मग नाव टाका.

तू मात्र आत्ता एवढंच कर, सर्टिफिकेट आणि समरी प्लॅन डिस्क्रिप्शन मागणारा दोन ओळींचा मेल उद्या सकाळी पाठव, त्यात बाकी काही लिहू नकोस. ते हातात आल्यावर वर सांगितलेलं पत्र लिही आणि पाठवायच्या आधी कंपनीचं नाव झाकून मला पाठव, गॅरंटीड इश्यूचं पान सोबत जोड, मी वाचून कळवते.